शिवणींतील माया

जुन्या घरांतील पेटी उघडून एखादें पोलकें बाहेर काढावें आणि तें उलटें करून पाहावें, म्हणजे शिवणाऱ्या हाताची खरी ओळख पटते. कपड्याची बाहेरची बाजू चारचौघांसाठीं असते. आंतली बाजू जिनें शिवलें आणि जिनें अंगांत घातलें त्या दोघींनाच ठाऊक. आणि पुष्कळदां त्या दोघी म्हणजे एकच बाई असे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पोलक्यांपैकीं एकाच्या आंतल्या कडा दुमडून निगुतीनें बंद केलेल्या असतात. दुसऱ्याच्या कडांतून दोरे सुटून लोंबत असतात, आणि शिवण पुढच्या धुण्यांत उसवेल कीं काय अशी धास्ती वाटते.

शिवणीच्या पलीकडे आंत जें कापड राखून ठेवितात त्याला मराठींत 'माया' म्हणतात. शब्द शिंप्याच्या दुकानांतला आहे, तसाच माजघरांतलाहि आहे. "थोडी माया ठेवा, पोर वाढतें आहे," असें आई शिंप्याला सांगते तेव्हां तिला शब्दावर कोटी करावयाची नसते; तिला इंचभर कापड हवें असतें. या मायेची उघडी कड कशी बांधावी हा प्रश्न ओव्हरलॉकचें यंत्र येण्यापूर्वीं घरोघरच्या स्त्रियांनीं आपापल्या परीनें सोडविला होता. त्याची हकीकत कोणत्याहि बखरींत लिहिलेली नाहीं. ती बरीचशी कपड्यांच्या आंतल्या बाजूसच वाचावी लागते.

कापड उभ्या आणि आडव्या धाग्यांचें बनतें. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. मागावर बाण्याचा धागा एका कडेस पोहोंचला कीं वळून परत येतो. म्हणून कापडाच्या दोन्ही लांब कडांना कांठ असतो व तेथून दोरा सुटत नाहीं. महाराष्ट्रांतील जुना पोशाख बव्हंशीं या कांठाच्या भरंवशावर चालला होता. लुगडें, धोतर, उपरणें, शेला हीं वस्त्रें मागावरून जशीं उतरत तशींच अंगावर येत. त्यांना कात्री लागत नसे. प्रश्न उरे तो दोन टोकांचा, आणि तेथें दशांना पीळ देऊन किंवा गांठी मारून तो मिटवीत. कात्री फिरली कीं बाण्याचें वळण तुटतें, धाग्यांचीं टोकें मोकळीं होतात, आणि घासण्यानें, ओढण्यानें, धुण्यानें एक एक धागा निसटूं लागतो. कोंकणांत यावर पावसाळ्याची भर. दगडावर आपटून धुतलेला कपडा दिवसचे दिवस दमट राहतो, तसाच पुन्हां वापरांत येतो व पुन्हां धुतला जातो. अशा वापरापुढें उघडी कड फार काळ टिकत नाहीं.

गांवगाड्यांतील शिंप्याची जागाहि हेंच सांगते. लोहार, सुतार, कुंभार, चांभार यांच्या बरोबरीनें बारा बलुतेदारांत त्याची गणना होत नसे. त्याचें नांव अलुतेदारांच्या याद्यांत आढळतें. शिवलेल्या कपड्याची गरज रोजची नव्हती, असाच याचा अर्थ लावणें योग्य होईल. यामुळें त्या धंद्याला कमीपणा येत नाहीं. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हयात असलेल्या नामदेवांमुळें 'शिंपी' या शब्दाला मराठी मनांत जें स्थान मिळालें तें दुसऱ्या कोणत्या कारागिराच्या नांवाला क्वचितच मिळालें असेल. परंतु बाराबंदी, अंगरखा, टोपी असे मोजके कपडे सोडले तर घरांतल्या सुईचें काम म्हणजे गोधडी भरणें, ठिगळ लावणें आणि चोळी शिवणें.

त्यांतल्या चोळीकडे नीट पाहिलें म्हणजे जुन्या काळची अक्कल कळून येते. चोळीचा खण हा चोळीसाठींच विणलेला असे. कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांतील गुळेदगुड्ड हें गांव या खणांविषयीं प्रसिद्ध आहे. खणाच्या दोन्ही अंगांस कांठ असतो. बेतणारी बाई खणाची घडी अशी घाली, कीं कांठ बाह्यांच्या तोंडाशीं आणि चोळीच्या खालच्या कडेशीं यावा. म्हणजे ज्या जागा सर्वांत जास्त घासल्या जावयाच्या तेथें कापलेली कड येतच नसे. विणकरानें बंद करून दिलेली कड येई. काखेंत बसणारा चौकोनी तुकडा, पाठीचे आणि पुढचे भाग, यांच्या शिवणी मात्र कापलेल्या कडांच्या. त्या आधीं धांवदोऱ्यानें जोडून मग माया दुमडून बारीक टांक्यांनीं बसवीत. गळ्याला दुसऱ्या रंगाच्या पट्टीचा गोट घालीत. गोट ही शोभेची वस्तु समजली जाते; पण मुळांत ती उघड्या कडेवर घातलेलें पांघरूण आहे, शोभा तिला मागाहून चिकटली असें मानावयास हरकत नाहीं.

तान्ह्या मुलाच्या कपड्यांत तर कडेचा प्रश्न कपड्याच्या टिकाऊपणाचा नसतो, मुलाच्या कातडीचा असतो. झबलें, टोपडें, कुंची हे कपडे वापरून मऊ झालेल्या जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे शिवीत, आणि शिवण टोचूं नये म्हणून कित्येक घरीं माया बाहेरच्या बाजूस काढून तीवर पट्टी मारीत. मूल दोन-चार महिन्यांत मोठें होई व झबलें पुढच्या बाळासाठीं धुऊन ठेविलें जाई. पांच मुलांच्या अंगावर गेलेलें झबलें शिवणीवर फाटलें नाहीं, हें त्या पट्टीचें श्रेय.

हा संसार बदलला तो कापडाच्या बाजारामुळें, आणि तो बदल पनवेलसारख्या गांवानें फार जवळून पाहिला. मुंबईचा माल गलबतांनीं खाडींतून पनवेलच्या बंदरास उतरे व तेथून बैलगाड्यांनीं बोरघाटाच्या वाटेस लागे. घाटांतून गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला, तेव्हांपासून देशावरचा कापूस खालीं आणि मुंबईचें कापड वर असा प्रवाह या गांवावरून वाहूं लागला. पनवेलचीं गाड्यांचीं चाकें त्या काळीं नांवाजलेलीं होतीं, याचें कारणहि हाच रस्ता. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली. त्या वेळीं अशा संस्था हिंदुस्थानांत बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढें १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढली ती कल्याण-कर्जतच्या मार्गानें, आणि पनवेल लोहमार्गाच्या बाहेर राहिलें तें जवळजवळ शंभर वर्षें. तरी मुंबई खाडीपलीकडेच होती. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापसाच्या पहिल्या गिरणीची उभारणी केली, आणि त्यानंतर गिरण्यांचीं धुराडीं वाढत गेलीं. विलायती आणि देशी गिरणीचें तागेबंद कापड वारावर मिळूं लागलें.

वारावर मिळणारें कापड हें खणापेक्षां निराळ्या जातीचें होतें. खण एका चोळीसाठीं विणलेला; तागा कोणासाठींच विणलेला नाहीं. त्यांतून सदरा निघो, परकर निघो वा उशीचा अभ्रा निघो, कांठ कोठें यावा याचा विचार विणणाऱ्यानें केलेला नसतो. त्यांत पोशाखहि बदलला. पुढें गांठ मारण्याची चोळी मागें पडून गुंड्यांचें पोलकें आलें, आणि त्याला खांदा, बाही, बगल, गळपट्टी अशा वांकड्या बेताच्या शिवणी आल्या. पुरुषांचा सदरा, कोट, मुलांच्या चड्ड्या, मुलींचे झगे आले. घरांत येणारें कापड स्वस्त झालें, पण त्याबरोबर घरांत कापलेल्या कडांची संख्या कित्येक पटींनीं वाढली. हा खर्च कोणत्याहि दुकानदाराच्या पावतीवर लिहिलेला नव्हता. तो दुपारच्या वेळीं, स्वयंपाक उरकल्यावर, सुईनें भरून काढावा लागे.

स्वदेशीनें या कामांत आणखी एक अडचण घातली, आणि तिचा एक धागा पनवेलजवळच्या शिरढोणपर्यंत जातो. शिरढोण हें वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मगांव. त्यांचा जन्म १८४५ चा. १८७० नंतर पुण्यास गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनीं स्वदेशी कापडाची चळवळ चालविली तेव्हां फडके यांनींहि स्वदेशीचें व्रत घेतलें. १८७७ च्या दिल्ली दरबारास काका हातसुताची खादी घालून गेले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. या व्रताची राजकीय बाजू पुष्कळांनीं वर्णिली आहे. शिवणाची बाजू कोणी वर्णिली नाहीं. हातसुताचें सूत कमी पिळाचें व जाडें-बारीक, विणहि सैल. अशा कापडाची कड गिरणीच्या घट्ट मांजरपाटाहून लवकर सुटते. जी माया मांजरपाटाला पाव इंच पुरे, ती खादीला अर्धा इंच तरी हवी, आणि तीहि नुसती दुमडून भागत नाहीं, बांधावी लागते. पुढें असहकारितेच्या काळांत घरोघर खादी आली तेव्हां ज्या बायकांनीं सभेंत कधीं तोंड उघडलें नाहीं त्यांनींहि ही कड बांधून चळवळीचा आपला वांटा उचलला.

कड बांधण्याच्या रीति कोणी एकानें शोधून काढल्या नाहींत. कांहीं घरच्याच होत्या, कांहीं मिशनच्या मुलींच्या शाळांतून व पुढें इतर कन्याशाळांतून आल्या. शाळांतील शिवणाच्या वहींत पांढऱ्या कापडाचे नमुने चिकटवून मुली त्या शिकत. सर्वांत साधी रीत म्हणजे मायेच्या कडेवरून तिरपे टांके घेत जाणें. दोरा फार ओढला तर कड गोळा होते, फार सैल सोडला तर धागा निसटतो. आठ-दहा हात कड भरली म्हणजे हाताला प्रमाण आपोआप कळतें. काजाचा टांका घेतला तर प्रत्येक टांक्याला कडेवर एक गांठ बसते. तो अधिक बळकट, परंतु वेळखाऊ. जाड कापडाला, विशेषतः लोंकरीला, उरेब पट्टी लावून कड बांधीत. पट्टी उरेबच कां, तर आडव्या-उभ्या धाग्यांच्या मधून तिरपी कापलेली पट्टी वांकणाबरोबर वळते आणि तिचे धागेहि कमी सुटतात.

या सर्वांत घरच्या शिवणाला फार मानवली ती फ्रेंच शिवण. हिच्यांत कड बांधावी लागतच नाहीं; ती शिवणीच्या पोटांतच गडप होते. कपड्याचे दोन भाग प्रथम उलट बाजू एकमेकींस लावून, म्हणजे नेहमीच्या उलट, कडेपासून पाव इंचावर शिवावयाचे. मग माया एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ठेवून कातरावयाची. शिवण नखानें दाबून कपडा पालटावयाचा आणि पुन्हां पाव इंचावर दुसरी शिवण घालावयाची. पहिली शिवण व तिची कड दोन्ही दुसरीच्या आंत बंद होतात. आंतून पाहिलें तर एक बारीक नळी दिसते, दोरा कोठें दिसत नाहीं. मलमल, वायल अशा पातळ कापडाला हिच्यासारखी शिवण नाहीं. मात्र वांकड्या भागावर, मुंढ्याशीं, ती अंग धरते. तेथें जाणत्या बायका तिचा हट्ट धरीत नसत. सदऱ्याला आणि लेंग्याला दुसरी तऱ्हा: दोन मायांपैकीं एक निम्मी कातरावयाची, दुसरी तिच्यावर दुमडून चपटी शिवावयाची. ओझें उचलणाऱ्याच्या सदऱ्याचा खांदा या शिवणीवर जितका टिकतो तितका दुसऱ्या कशावर टिकत नाहीं.

यंत्र आलें तेव्हां हें काम संपेल अशी कोणाची कल्पना असल्यास ती खोटी ठरली. फ्रान्समध्यें बार्तेलेमी तिमोनिए यानें १८३० सालीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें. पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या शिंप्यांनीं, पोट जाईल या भीतीनें, त्याच्या कारखान्यावर चाल करून यंत्रें मोडलीं. अमेरिकेंत एलियास हाउ याचें पेटंट १८४६ चें, आयझॅक सिंगरचें १८५१ चें. सिंगर कंपनीनें हप्त्यांनीं यंत्र विकण्याची पद्धत लौकरच सुरू केली, आणि हिंदुस्थानांत तिचा व्यवहार पुष्कळ वर्षें पटेल आडनांवाच्या एका पारशी गृहस्थाच्या हातीं होता. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनें १९३५ च्या सुमारास देशी यंत्र काढलें. तेंच पुढें 'उषा' या नांवानें घरोघर गेलें. गांधीजींचा यंत्रांविरुद्धचा कटाक्ष सर्वांस ठाऊक आहे; परंतु १९२४ सालीं त्यांनींहि सिंगरच्या यंत्राला अपवाद केला. बायकोला हातानें शिवतांना कष्टी होतांना पाहून प्रेमापोटीं सिंगरनें तें बनविलें, असें त्यांनीं म्हटलें होतें. कथा गोड आहे. वस्तुतः सिंगरनें बोस्टनच्या एका कारखान्यांत दुरुस्तीस आलेलें दुसऱ्याचें यंत्र पाहून १८५० सालीं आपलें यंत्र सुधारून बनविलें, आणि त्याचें गृहजीवन आदर्श म्हणून सांगण्यासारखें नव्हतें.

या यंत्रानें सरळ टीप घालण्याचे कष्ट वांचविले, यांत शंका नाहीं. जी शिवण हातानें दुपारभर चाले ती अर्ध्या घटकेंत होऊं लागली. परंतु टीप दोन भाग जोडते. कड बांधीत नाहीं. पायानें चालणारें काळें यंत्र कोपऱ्यांत आल्यावरहि सुई, बोटांतली टोपी आणि तिरपा टांका पूर्वीसारखेच चालू राहिले. फरक पडला तो फ्रेंच शिवणींत: दोन टिपा यंत्रावर भराभर पडूं लागल्या, म्हणून ती अधिकच प्रिय झाली. ज्यांना शिवणावर पोट भरावयाचें होतें त्यांना तर आंतली बाजू हेंच प्रमाणपत्र होतें. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं वाढीस लाविलेलें पुण्याचें सेवासदन व अशाच इतर संस्था यांनीं अनेक विधवा व निराधार स्त्रियांच्या हातीं सुई दिली. शिवलेला कपडा घेऊन बाई दारीं आली कीं घेणारी गृहिणी तो आधीं उलटा करून पाही, आणि मगच पैशांची गोष्ट निघे.

मायेची खरी किंमत कळली ती दुसऱ्या महायुद्धांत. कापडाचा तुटवडा पडून भाव चढले आणि १९४३ सालीं सरकारनें सुतावर व कापडावर नियंत्रणाचा हुकूम काढला. ताग्यावर भाव छापून येऊं लागला. १९४८ च्या प्रारंभीं नियंत्रण उठलें आणि त्याच वर्षीं पुन्हां बसवावें लागलें. इंग्लंडांत याच वेळीं जुनें दुरुस्त करून वापरा, असा उपदेश करणारीं पत्रकें सरकार वांटीत होतें. मराठी घरांना तसल्या पत्रकाची गरज नव्हती. मुलीच्या परकराला खालीं दोन-तीन आडव्या दुमडी आधींच घातलेल्या असत. दरसाल एक सोडली कीं परकर चार बोटें लांब होई. पोलक्याची बाजू उसवून मायेंतून इंच-दीड इंच काढीत. कोट उलटवून शिवीत. लुगडें विरलें कीं त्याचे चांगले भाग परकराला, उरलेलें दुपट्याला, आणि अखेर सारें गोधडींत. हें सर्व शक्य होई, कारण शिवणींत कापड होतें आणि त्याची कड शाबूत होती. कड सुटून माया विरली असती तर उसवून काय काढणार? कड बांधणें हें सौंदर्यासाठीं आहे असें समजणाऱ्यांनीं त्या पांच-सहा वर्षांतील एखादा कपडा पाहावा.

ओव्हरलॉकचें यंत्र मुळांत या संसारासाठीं निघालेंच नव्हतें. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यांत मेरो नांवाच्या कुटुंबाचा विणलेल्या कपड्यांचा कारखाना होता. गंजिफ्राकासारख्या कापडांत धागा ताण्या-बाण्याचा नसतो, फांसांचा असतो. एक फांस सुटला कीं शिडीसारखी रांग उसवत जाते, आणि साधी सरळ टीप तें कापड ताणलें कीं तुटते. तेथें कडेवरून वळसा घेणारा, ताणाबरोबर ताणला जाणारा टांका हवा होता. १८८९ च्या पेटंटापासून मेरोंच्या अशा यंत्रांना स्थिर रूप आलें. पुढें त्यालाच कातरणारें पातें जोडलें गेलें: यंत्र एकाच फेरींत शिवतें, जास्त माया कापून टाकतें आणि उरलेल्या कडेवर दोरा गुंडाळतें. तयार कपड्यांच्या कारखान्यांना याहून अधिक काय हवें? घरीं वापरण्याजोगें लहान यंत्र जपानांत १९६० नंतर तयार झालें.

विणलेल्या गंजिफ्राकाला आणि ताणल्या जाणाऱ्या कापडाला ओव्हरलॉकला तोड नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. साध्या सुती कपड्यावर मात्र त्यानें एक निराळाच बदल घडविला. यंत्राच्या पात्यापुढें जी शिवण गेली तिच्या आंत दोन सुतांहून फारसें कापड उरत नाहीं. कपडा ज्या मापाचा शिवला त्याच मापाचा राहतो. अंग वाढलें, कीं कपडा बाद. दुकानांतील तयार कुडता उलटा केला तर आंत दोऱ्याची सुबक वेणी दिसते. ती सफाईनें घातलेली असते, पण तिच्या मागें माया नसते. घरच्या साध्या यंत्रावर शिवणारीला अजूनहि फ्रेंच शिवण, चपटी शिवण आणि गोट या तिन्ही वाटा मोकळ्या आहेत, आणि त्यांना नवें एकहि अवजार लागत नाहीं.

पनवेल आतां बंदर राहिलें नाहीं. आगगाडी आली, रस्ते रुंद झाले, २०१६ सालीं महानगरपालिका झाली. अशा शहरांतून फॉल-पिकोची दुकानें गल्लोगल्लीं दिसतात. साडीच्या ज्या टोकांना पूर्वीं दशा वळीत त्यांना तेथें यंत्रावर पिको करून मिळतो, आणि फॉल मात्र पुष्कळ ठिकाणीं हातानेंच लावितात. ब्लाउज शिवणाऱ्यांनीं तर दोन्ही काळांची सांगड घातली आहे. ते ओव्हरलॉक करतात, पण पात्याला बाजूच्या शिवणीजवळ येऊं देत नाहींत. माया इंचभर राखून तिच्या अगदीं टोकाला वेणी घालतात, आणि आंत एकाशेजारीं एक अशा तीन टिपा मारतात. ब्लाउज घट्ट झाला कीं आंतली एक टीप उसवावयाची. पुन्हां घट्ट झाला कीं दुसरी.